परीक्षणाला आलेला लेख ओळखीचा निघाला, आता काय करू?

खानापूरची_लेक

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावात एका कॉलेजात मराठी शिकवते, गेस्ट लेक्चरर म्हणून. (इकडे सरकारी कागदावर 'अतिथी उपन्यासक' लिहितात. पुण्याच्या मावशीला ते वाचून वाटलं, मी कादंबऱ्या लिहायला लागले.) पीएचडी चालू आहे, लोकगीतांवर. मागच्या आठवड्यात एका मराठी संशोधन त्रैमासिकाची ईमेल आली. सोबत एक लेख आणि एक पानी फॉर्म. परीक्षण करून दोन दिवसांत पाठवा, म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी परीक्षक म्हणून विचारलं. हुरळले, आईला फोनसुद्धा केला.

लेख आपल्याच भागातल्या जात्यावरच्या ओव्यांवर आहे. पहिली दोन पानं बरी वाटली. मग उदाहरणं आली आणि मी अडखळले. माझी आजी पहाटे दळताना ओव्या म्हणायची, त्यामुळे कानाला सवय आहे: दोन लांब ओळी, शेवटाला यमक, आणि जात्याच्या फेऱ्याला बरोबर बसणारी लय. या ओव्या बसतच नव्हत्या. सगळ्या तीन-तीन ओळींच्या, यमकाचा पत्ता नाही. एका ठिकाणी माहेराला चक्क 'तवर' म्हटलंय. तिथे ट्यूब पेटली. 'तवर' हा माहेरासाठीचा कन्नड शब्द, आणि कन्नडमधली बीसुवकल्लिन पदं, म्हणजे जात्यावरची गाणी, त्रिपदीत असतात.

माझ्याकडे धारवाडकडच्या एका अभ्यासकांच्या जुन्या कन्नड लेखाची झेरॉक्स आहे. ती काढून शेजारी ठेवली. परिच्छेदामागून परिच्छेद तोच, क्रमही तोच. त्या कन्नड लेखात एक तळटीप आहे: ही गाणी खानापूर भागातल्या मराठी घरांतून ऐकली, कन्नड रूपांतर माझं. म्हणजे बघा. मराठी ओव्या एकदा कन्नडमध्ये गेल्या, आणि या महाशयांनी त्या कन्नडवरून परत मराठीत आणल्या. कुठल्याही बाईने कधी न म्हटलेल्या ओव्या!

लेखासोबत चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल जोडलाय. साम्य ६ टक्के.

लेखकाचं नाव काढून पाठवलं होतं, पण फाईलच्या नावातच ते होतं. आणि मी त्यांना ओळखते. उद्या माझ्या मुलाखतीला टेबलापलीकडे बसू शकतील असे आहेत. काय करावं?

---

बेळगावी_कुंदा

कन्नड-मराठीत देवाणघेवाण वाढली पाहिजे असं सगळे म्हणत होते. वाढली की!

(लोक पॉपकॉर्न घेऊन बसतात, मी कुंदा घेऊन बसलोय.)

---

निपाणीकर

ताई, कडू वाटेल पण सांगतो. फॉर्म भरा, 'किरकोळ सुधारणांसह स्वीकार्य' वर खूण करा, सुधारणेत 'ओव्यांचे पाठ तपासावेत' लिहा आणि मोकळ्या व्हा. मी निपाणीत राहतो, नोकरी हद्दीपलीकडे महाराष्ट्रात. दोन्ही राज्यांतले प्रकार बघितलेत. गेस्ट लेक्चररचं काम दरवर्षी नव्याने मिळवायचं असतं. तुम्ही एका माणसाचा एक लेख अडवाल, तो चार दिवसांनी दुसरीकडे छापेल.

आणि लोक असं का करतात तेही बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत भाषा-मानव्यविद्यांच्या माणसाला एका पेपरला १० गुण, विज्ञानवाल्याला ८. बढती त्यावर. माणूस गुण गोळा करणारच.

---

मच्छेकर_इंजिनियर

@निपाणीकर, त्याच नियमांतलं गणित विसरलात. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७०-७० टक्के गुण. म्हणजे एक पेपर दोघांनी लिहिला की तो १४० टक्के होतो. उगाच नाही प्रत्येक पेपरला जोडीदार सापडत.

---

बेळगावी_कुंदा

आमच्या गल्लीत दोघांनी मिळून एक मांडा खाल्ला तर अर्धा-अर्धाच येतो. यूजीसीने मांडे करायला घ्यावेत.

---

ग्रंथपाल_शहापूर

धागाकर्तीला आधी एक सूचना, मग उत्तर.

परीक्षणाला आलेला लेख गोपनीय असतो. तुम्ही विषय सांगितलात, भाग सांगितलात, 'तवर' हा शब्दही सांगितलात. त्या वर्तुळात पाच-सात जण आहेत, लेखकाने हा धागा वाचला तर त्यांना लगेच कळेल. यापुढे लेखातलं काही इथे देऊ नका. शक्य असेल तर मूळ पोस्ट पुसट करा.

आता उत्तर. कोप नावाची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, १९९७ सालची. संपादकांनी कुठल्या प्रसंगी कसं वागावं याचे तिने टप्प्याटप्प्याचे तक्ते केलेत, फुकट वाचायला मिळतात. परीक्षकाला चोरीची शंका आली तर काय, तेही त्यात आहे. सार सोपं आहे: लेखकाशी थेट बोलायचं नाही, संपादकाला कळवायचं, पुरावा जोडायचा. पुढे लेखकाला विचारणं हे संपादकाचं काम. तुम्ही लेखकाला ओळखता हेही त्याच पत्रात लिहून टाका. उद्या कुणी म्हणायला नको की वैयक्तिक आकसातून केलं.

६ टक्क्यांचं म्हणाल तर मला नवल वाटलं नाही. रोज हे अहवाल काढून देते. सॉफ्टवेअर अक्षरं जुळवतं, अर्थ नाही. कन्नडमधलं वाक्य मराठीत आलं की त्याच्या दृष्टीने ते नवंकोरं. शिवाय मूळ लेख छापील अंकात, कधी ऑनलाइन आलाच नसेल, तर जुळवायचं कशाशी? तिसरी गंमत फॉन्टची. युनिकोड नसलेल्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या मजकुराची पीडीएफ मशीनला मराठी दिसतच नाही, इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. कन्नडमध्ये जुन्या नुडीचं तेच. मला एक अहवाल असा आला होता की साम्य शून्य टक्के. मार्गदर्शक खूश. मी उघडून बघितलं तर सॉफ्टवेअरने वाचलेला मजकूर म्हणजे नुसते कंस, स्वल्पविराम आणि एफ-जी-एच.

---

खानापूरची_लेक

बाप रे, गोपनीयतेचं डोक्यातच आलं नाही. पोस्ट बदलायला गेले तर संपादनाची वेळ संपली. व्यवस्थापकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

बेळगावी_कुंदा

समितीचं नाव 'कोप' आहे यावर कुणीच बोलणार नाही का? आमच्या एचओडींना हीच समिती चालवते असं मला बरेच दिवस वाटतंय.

---

टिळकवाडीचे_आजोबा

चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, लेकी, घाई करू नकोस. तीन चरणांच्या ओव्या मराठीतही आहेत. सीमेवरच्या गावात सासर कानडी आणि माहेर मराठी असलेल्या बायका 'तवर' म्हणणारच. आमच्या घरी आई भाताला अन्न म्हणायची आणि आत्या 'अन्ना'. तेव्हा तेवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. कन्नडमधला प्रास ओळीच्या दुसऱ्या अक्षरावर असतो, अनुवादात तो गळून पडतो, हा तुझा खरा धागा. पण कच्चा. पुरावा गाण्यांत शोधू नकोस, गद्यात शोध. चोर गाणी तरी बदलतो, तळटीपा बदलायला तो आळसावतो.

दुसरी, आमच्या वेळी पेपरची सक्ती नव्हती. त्यामुळे कित्येकांनी नोकरीभर एक ओळ लिहिली नाही. तो काळ फार पवित्र होता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तेव्हाही गाईडच्या पुस्तकात विद्यार्थ्याचं प्रकरण सापडायचं. टक्केवारी काढणारं यंत्र नव्हतं, इतकंच.

---

शाहूनगरचा_पप्पू

मला एक कळत नाही. ओव्या कुणाच्या मालकीच्या? आज्या-पणज्यांनी म्हटल्या. त्या कन्नड अभ्यासकांनी तरी कुठे रचल्या? त्यांनी घेतल्या, यांनी घेतल्या. एवढा गहजब कशाला?

---

खानापूरची_लेक

@पप्पू, ओव्या कुणाच्याच नाहीत, मान्य. पण पहाटे उठून गावोगाव फिरणं, बायकांना बोलतं करणं, कुठली ओवी कुठल्या कामाच्या वेळी म्हणतात याची मांडणी करणं, हे त्या माणसाचं आहे. आणि त्यांनी प्रत्येक बाईचं नाव-गाव दिलंय. या लेखात बायकांची नावं तीच, फक्त...

नको, पुढे लिहीत नाही.

---

बेळगावी_कुंदा

फक्त काय?? 'क्रमशः' टाकून पळू नका ओ.

---

ग्रंथपाल_शहापूर

कुंदा, तिला उचकवू नका.

@पप्पू, २०१८ च्या यूजीसी नियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे: दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन आपली म्हणून खपवणं. कुठल्या भाषेतून घेतली याला महत्त्व नाही. आणि अनुवाद करायचाच तर त्याचा हक्क मूळ लेखकाकडे असतो. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. विचारून, नाव देऊन अनुवाद केला असता तर मी स्वतः त्यांना चहा पाजला असता. चांगल्या अनुवादाची इकडे गरजच आहे.

त्याच नियमांत एक मजेशीर कलम आहे. साम्य मोजताना सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरायचं नाही.

---

टिळकवाडीचे_आजोबा

चौदा शब्दांत तर अख्खी ओवी बसते!

---

मच्छेकर_इंजिनियर

आमच्या तांत्रिक शाखांत याच्या पुढची पायरी आहे. चोरलेला मजकूर सॉफ्टवेअरमध्ये सापडू नये म्हणून शब्द बदलणारी यंत्रं वापरतात. ती यंत्रं प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द ठोकतात. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफीट कॉन्शसनेस' होतं, 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल'. २०२१ साली गियोम काबानाक आणि त्याच्या सोबत्यांनी असे शेकडो नमुने शोधून त्यांना 'टॉर्चर्ड फ्रेझेस' नाव दिलं. छळलेले शब्द. हे सगळं परीक्षण झालेल्या नियतकालिकांत छापून आलं होतं बरं का. म्हणजे परीक्षकाने वाचलं नाही, संपादकाने वाचलं नाही, प्रूफवाल्यानेही नाही.

परवा एका विद्यार्थ्याचा मराठी पेपर माझ्या बायकोकडे आला. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून परत मराठीत फिरवलेला. 'मौखिक परंपरा'ची 'तोंडी प्रथा' झाली होती आणि 'जात्यावरची गाणी' झाली होती 'पिठाच्या गिरणीची गाणी'. आमच्या अनगोळातल्या गिरणीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, आमच्यात गाणी नाहीत ओ, रेडिओ हाय.

---

वडगावचा_माग

मी शिकल्याला माणूस न्हवं, पण हे वाचून करमणूक झाली बगा. आमच्यात माग पिढ्यान्‌पिढ्या. इलकल म्हणून पॉवरलूमची साडी खपिवत्यात की नाई, ती गिऱ्हाइकाला कळत न्हाई. काठ तोच, रंग तोच. पण खऱ्या इलकलात अंगाचं ताणं येगळं आणि पदराचं येगळं, ते दोन्ही एकमेकांत अडकवून जोडत्यात. टोपे-तेणी म्हणत्यात त्याला. साडी उलटी करून तो सांधा बगायचा. मॅडमनी पण लेख उलटा करून सांधा बगावा.

---

टिळकवाडीचे_आजोबा

@वडगावचा_माग, संशोधनपद्धतीचा पेपर तुम्हीच शिकवायला हवा होता.

---

कॅम्पातला_डॉक्टर

वैद्यकीय बाजू सांगतो. आमच्यात चोरीपेक्षा मोठा रोग म्हणजे नावांची खैरात. विभागप्रमुखाचं नाव आपोआप, प्रमुखांच्या मित्राचं परतफेड म्हणून. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीने लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्यात: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही लागतात, एखादी पुरत नाही. मी हे एकदा मीटिंगमध्ये बोललो. साहेब म्हणाले, "जबाबदारी सोडून बाकी तीन मला चालतील."

आणि चुकीच्या पेपरची किंमत काय असते? १९९८ मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा एक पेपर आला, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा. तो मागे घेतला गेला २०१० मध्ये. बारा वर्षं! आजही आमच्या ओपीडीत एखादी आई मोबाइल पुढे करून तेच विचारते.

---

अडाणी_खटाशी

हाय काय अन् नाय काय. सगळं केंद्र सरकारचं कारस्थान. आणि मुळात बेळगावात मराठी विभागांना पुरेशी पदं दिली असती तर ही वेळच आली नसती. सीमाप्रश्न सुटल्याशिवाय...

---

धागा-व्यवस्थापक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, ६१४ प्रतिसादांवर तो सुखाने नांदतो आहे. तिकडे जावे. मूळ पोस्टमधला काही मजकूर धागाकर्तीच्या विनंतीवरून आज रात्री झाकला जाईल.

---

त्रैमासिकवाला

दुसऱ्या बाजूने बोलणारा कुणीतरी हवा, म्हणून लिहितोय. मी एका छोट्या मराठी त्रैमासिकाचा संपादक होतो. (धागाकर्तीला आलेला लेख आमचा नाही, आमचं बंद पडलं.) कार्यालय म्हणजे घरातली पुढची खोली. संपादक मंडळ म्हणजे मी, एक मित्र, आणि टपाल खात्यात जाऊन भांडणारी माझी बायको.

२०१७ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. त्या यादीत कचरा इतका भरला की मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ नावं काढावी लागली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्याच सुमारास 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं होतं की विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नावांची त्यांनी छाननी केली त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट होती. मग तिच्या जागी 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं.

यादीत नाव आलं आणि आमचं घर बदललं. आधी वर्षाला वीस लेख यायचे, मला लोकांच्या मागे लागावं लागे. आता दिवसाला पंधरा. फोन एकच: "सर, फी किती आणि अंक कधी?" फी नाही म्हटलं की लोकांना संशय यायचा, फुकट आहे म्हणजे खोटं असणार! एका कॉलेजने राष्ट्रीय चर्चासत्राचे ९० पेपर 'विशेषांक' म्हणून छापायला सांगितले. पैसे ते देणार, परीक्षण झालंय असं मी लिहून द्यायचं. त्या रकमेत आमची चार वर्षं निघाली असती. नाही म्हणालो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मासिकाने तो अंक काढला, ९० पेपर, ९ दिवसांत.

दुसरं दुखणं परीक्षकांचं. दहा जणांना लेख पाठवला तर दोघं उत्तर देतात, त्यातला एक "छान आहे" एवढंच लिहितो. परीक्षकाला मानधन नाही, बढतीत त्याचे गुण नाहीत, वर शत्रू मिळतात. त्यामुळे धागाकर्तीने शेजारी झेरॉक्स ठेवून वाचलं हे वाचून मला खरंच भरून आलं. संपादक म्हणून माझ्या उभ्या कारकिर्दीत असा एकच परीक्षक भेटला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीही बंद केली. आता निकष देऊन ठेवलेत, ठरवायचं ज्याचं त्याने. बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. मी मात्र त्या दिवशी पेढे वाटले. यादी होती तोवर कुणाला अंक उघडून बघायची गरजच वाटत नव्हती.

---

ग्रंथपाल_शहापूर

@त्रैमासिकवाला, दंडवत. पण यादी गेल्याचा आनंद मला होत नाही. निदान 'हे यादीत नाही' म्हणून पोरांना थांबवता यायचं. आता ती आयएसएसएन दाखवतात. आयएसएसएन म्हणजे फक्त आठ आकडी नोंदणी क्रमांक, आपल्याकडे तो फुकट मिळतो, दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ट्रकला नंबरप्लेट असते म्हणून ब्रेक चांगलेच असतात असं नाही. तसंच ते 'इम्पॅक्ट फॅक्टर ७.८', म्हणजे मासिकातल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्याचा आकडा. खरा आकडा क्लॅरिव्हेट नावाची एकच कंपनी काढते. सर्व विषयांचे पेपर चार भाषांत एकत्र छापणाऱ्या मासिकाला तो ७.८ कुठून आला, हे विचारा आणि फोन कट होतो का बघा.

संपादक मंडळाची यादीही एकदा तपासावी. २०१५ साली पोलंडच्या संशोधकांनी एक काल्पनिक बाई तयार केली, आन्ना ओ. शुस्त. 'ओशुस्त' म्हणजे पोलिशमध्ये ठग. तिच्या नावे ३६० नियतकालिकांना अर्ज केला, मला संपादक करा. पात्रता शून्य. ४८ जणांनी नेमलं.

---

बेळगावी_कुंदा

म्हणजे 'कु. ठगूबाई' नावाने अर्ज केला तर आपल्याकडेही जमेल?

---

निपाणीकर

आमच्या ओळखीचे एक सर मंडळावर आहेत, त्यांना तीन वर्षांनी कळलं की ते मंडळावर आहेत. फोटोसकट.

पण मूळ प्रश्नाकडे या. सगळ्यांनी तत्त्वं सांगितली, नोकरी गेली तर पगार कोण देणार? नियमात शिक्षा आहे म्हणता. ४० ते ६० टक्के साम्य सापडलं तर प्राध्यापकाची एक वेतनवाढ जाते, दोन वर्षं गाईडशिप बंद. मला अशी शिक्षा झालेला एक माणूस दाखवा. आणि इथे अहवालात ६ टक्के आहे, १० च्या आत तर काहीच नाही. शुद्ध, स्वच्छ, प्रमाणित!

---

टिळकवाडीचे_आजोबा

निपाणीकर, तुमचा राग समजतो. पण तिला लेखकाविरुद्ध तक्रार करायची नाहीये. संपादकाने तिला विचारलंय की लेख कसा आहे. तिने उत्तर द्यायचंय. एवढंच काम आहे आणि ते गुप्त राहतं.

---

कॅम्पातला_डॉक्टर

गुप्त राहतं? आजोबा, आपल्या गावात?

---

खानापूरची_लेक

(बारा दिवसांनी.) सगळ्यांचे आभार, धाग्याची वाचनखूण साठवलीय. व्यवस्थापकांनी मजकूर झाकला, त्यामुळे नवीन आलेल्यांना सुरुवात अर्धवट वाटेल.

आजोबांचं ऐकलं. ओव्या सोडल्या आणि तळटीपांना लागले. एका पानावर दोन रकाने केले, डावीकडे कन्नड आणि त्याचा माझा शब्दशः अर्थ, उजवीकडे लेख. सहा पानं झाली. कन्नड लेखातली छपाईची एक चूकही इकडे उतरली होती, एका गावाचं नाव चुकलंय ते. मी त्या गावची आहे, म्हणून कळलं. माग-दादांनी सांगितलेला सांधा तिथे होता.

लेखकाला ओळखते हेही लिहिलं. हात थरथरत होते. पाठवून दिलं आणि दोन दिवस ईमेल उघडली नाही.

संपादकांचं उत्तर आलं. आधी तीन ओळी जरा रागाच्याच: सॉफ्टवेअरने स्वच्छ म्हटलंय, आपण फक्त फॉर्म भरावा. त्याच रात्री दुसरी ईमेल: रकाने आत्ता बघितले, माफ करा, लेखकाकडे खुलासा मागतो. तुमचं नाव कळणार नाही.

आठवड्याने कळवलं की लेखकाने 'वैयक्तिक कारणास्तव' लेख मागे घेतला. खुलासा नाही. संपादक म्हणाले, मागे घेतला की आमच्या हातात पुढे काही राहत नाही.

आणि कुंदांना 'फक्त काय' ते सांगून टाकते, आता लेखच मागे गेलाय. जुन्या लेखात एका आजींचं वय ७० दिलंय. नव्या लेखात त्याच आजी, तेच गाव, 'प्रस्तुत संशोधकाने प्रत्यक्ष मुलाखत घेतली', आणि वय ७०. मधे चाळीसेक वर्षं गेली आहेत.

---

बेळगावी_कुंदा

आजींचा आहार विचारून घ्या.

---

त्रैमासिकवाला

संपादक चुकतायत. मागे घेतला तरी लेखकाच्या संस्थेला कळवता येतं, कोपच्या तक्त्यांत तीही वाट आहे. पण कळवत कुणी नाही, मीही कधी कळवलं नव्हतं. त्यांनी तुमचे रकाने उघडून बघितले आणि माफी मागितली, हेही आजकाल कमी दिसतं. पुढच्या लेखनाला शुभेच्छा, आणि ती सहा पानं जपून ठेवा.

---

वडगावचा_माग

मॅडम, एकदा या वडगावात. माग दाखवतो. आमच्या आईला ओव्या येत्यात, दोन ओळीच्या.

---

खानापूरची_लेक

नक्की येते दादा. रेकॉर्डर घेऊन येते. आईंचं नाव आणि खरं वय लिहीन.

---

निपाणीकर

(धागा वर आणतोय, माफी असावी.)

ताई, व्यनि केलाय, बघा. काल माझ्याकडे एक लेख परीक्षणाला आला, दुसऱ्याच मासिकाकडून. साम्य ४ टक्के. लेखातलं इथे काही सांगत नाही, ग्रंथपालबाई ओरडतील. तुमची सहा पानंही मागत नाही, मला फक्त त्या जुन्या कन्नड अंकाचं नाव-साल द्या, लायब्ररीतून काढतो. आणि ते रकाने वर्डमध्ये कसे करायचे ते सांगा, माझ्याने होईना.

फॉर्म अजून भरलेला नाही.

आजी ७२ वर्षांच्या झाल्यात.